माशाच्या अंगात किती साठतं? एका बीसीएफ चाचणीचा अनुभव

माझं काम रसायनांच्या कागदपत्रांचं. नोंदणी, सुरक्षा पत्रकं, लेबलं, वर्षाला किती टन कुठे गेलं याचे हिशोब. शिक्षण रसायनशास्त्राचं, माशांचं ज्ञान शून्य. त्यामुळे आमच्या एका द्रव्यासाठी 'माशात साठतं का' ही बीसीएफ चाचणी (बीसीएफ म्हणजे पाण्यातल्यापेक्षा माशाच्या अंगात द्रव्य किती पट साठतं तो आकडा) करून घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा पहिले काही दिवस मी फक्त वाचत बसले होते. सगळं संपून रिपोर्ट हातात आल्यावर हे लिहितेय. नियमावली सगळ्यांना मिळते. ती वाचून झाल्यावर नेमकं काय काय घडतं, हे मात्र कुठे एका जागी सापडत नाही.

आमचं द्रव्य प्लास्टिकमध्ये मिसळायचं आहे. पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात झटकन. हा कल मोजायचा आकडा म्हणजे लॉग केओडब्ल्यू: ऑक्टॅनॉल नावाच्या तेलकट द्रवात आणि पाण्यात ते कसं वाटलं जातं, त्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. युरोपच्या रीच या रसायन-नोंदणी कायद्यात वर्षाला शंभर टनांच्या वर गेलात की जलचरांत साठण्याची माहिती द्यावी लागते. लॉग केओडब्ल्यू ३ किंवा त्याहून कमी असेल तर सूट मागता येते. ४.५ च्या वर असेल तर संशय बळावतो. आमचा ५ च्या थोडा वर होता, म्हणजे सुटकेचा प्रश्नच नव्हता.

तरी आधी मासे टाळता येतात का ते पाहिलंच, आणि पाहावंच लागतं. संगणकी अंदाज काढले. ट्राउटच्या यकृताच्या पेशींवर करायची एक चाचणी आहे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३१९ए क्रमांकाची (२०१८ सालची). मासा ते द्रव्य किती वेगाने मोडून टाकतो, याचा अंदाज तिच्यातून येतो. भराभर मोडत असेल तर साठायला उरतच नाही. आमचं सावकाश मोडत होतं. इतकं सावकाश, की त्या आकड्याच्या जोरावर 'साठत नाही' असं ठामपणे म्हणता येईना.

मग चाचणीचा प्रस्ताव दाखल केला. नवख्यांना इथेच पहिला धक्का बसतो: पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची ही चाचणी मनात आलं म्हणून सुरू करता येत नाही. प्रस्ताव युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे जातो आणि तिच्या संकेतस्थळावर लागतो. कोणाकडे आधीच माहिती असेल तर ती देण्यासाठी ४५ दिवस असतात. त्यानंतर निर्णयाचा मसुदा येतो, त्यावर म्हणणं मांडायला आपल्याला ३० दिवस मिळतात, मग सदस्य देश पाहतात. तुमची कंपनी युरोपबाहेरची असेल तर हे सगळं तिथे नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत, म्हणजे 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह'मार्फत. आमचा प्रस्ताव फेब्रुवारीत गेला होता. अंतिम निर्णय आला तेव्हा पुढचं वर्ष लागलं होतं. निर्णयात चाचणीचं नाव (ओईसीडी ३०५, पाण्यातून संपर्क), आणि माहिती सादर करायची अंतिम तारीख. त्या तारखेपासून उलटं मोजायला घ्या, आणि मोजताना माशांसाठी धराल त्याहून जास्त वेळ माशांच्या आधीच्या कामाला धरा.

वाट पाहण्याचे ते महिने मी प्रयोगशाळा शोधण्यात घातले. हे आधीच केलेलं बरं, कारण ही चाचणी जीएलपी (प्रयोगशाळेच्या कामाची प्रमाणित शिस्त) पद्धतीने करणाऱ्या जागा मोजक्या आणि त्यांच्या टाक्या कायम भरलेल्या. कोटेशन मागवलं की समोरून दर येत नाही, प्रश्नावली येते. पाण्यात नेमकं किती विरघळतं? काचेला चिकटतं का? उडून जातं का? उजेडात टिकतं का? माशाच्या चरबीतून ते वेगळं काढून मोजायची पद्धत आहे का, आणि ती किती खालपर्यंत मोजते? निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. विशेष म्हणजे त्यांनाही त्याची सवय होती.

खर्चाबद्दल. रक्कम सांगून उपयोग नाही, द्रव्यागणिक बदलते. पण रचना सांगते. सगळ्यात स्वस्त बाब म्हणजे मासे. पैसा जातो तो मोजणीत, म्हणजे पाण्याचे आणि माशांचे शेकडो नमुने जीसी-एमएस नावाच्या मोजणी यंत्रावर चालवण्यात. दुसरा मार्ग म्हणजे कार्बन-१४ लावून किरणोत्सारी केलेलं द्रव्य वापरणं. मोजणी सोपी होते, पण ते बनवून घेणं अतिशय महाग. शिवाय एकूण किरणोत्सार मोजला तर त्यात मूळ द्रव्य आणि माशाने मोडून केलेले तुकडे सगळे एकत्र मोजले जातात, म्हणजे आकडा फुगायची शक्यता. आम्ही साधं द्रव्य घेतलं. कोटेशनमध्ये एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते: वापरलेल्या पाण्याची विल्हेवाट. वाहत्या पाण्याची चाचणी आहे, टाकीतलं पाणी दिवसाला निदान पाच वेळा बदलेल इतका प्रवाह ठेवतात, आणि बाहेर पडणाऱ्या त्या सगळ्या पाण्यात तुमचं रसायन असतं. हा खर्च दरात धरलाय की वेगळा, ते विचारून घ्या.

मार्चमध्ये करार झाला. एकाच बॅचचं द्रव्य, त्याचं शुद्धतेचं प्रमाणपत्र आणि टिकण्याची मुदत असं सगळं पाठवलं. बॅच पाठवताना हात आखडता घेऊ नका. मध्येच कमी पडलं आणि दुसऱ्या बॅचचं द्यावं लागलं तर खुलासे देता देता दमछाक होते.

आणि मग पाण्याचं पर्व सुरू झालं. या कामात सर्वाधिक वेळ तिथेच गेला, आणि माझ्या मते चाचणीचा जीवही तिथेच आहे.

नियम असा: पाण्यातली द्रव्याची पातळी माशाला विषबाधा होणार नाही इतकी कमी हवी (अंदाजे, निम्मे मासे मारणाऱ्या पातळीच्या, म्हणजे एलसी५० च्या, एक टक्का), ती विद्राव्यतेच्या मर्यादेखाली हवी, आणि यंत्राला पकडता येणाऱ्या किमान पातळीच्या निदान दहापट हवी. वरून एक छत, खालून एक जमीन, मधल्या फटीत तुम्ही. आमच्या द्रव्याची फट फार चिंचोळी होती. त्यात ही पातळी संपूर्ण संपर्ककाळात सरासरीच्या वर-खाली २० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, नाहीतर चाचणी अवैध.

पाण्याला नको असलेलं द्रव्य पाण्यात एकसारखं ठेवायचं म्हणजे ते बाकी सगळीकडे पळतं. नळ्यांना चिकटतं, काचेला चिकटतं, पृष्ठभागावर तवंग होऊन बसतं. सिलिकॉनची मऊ नळी तर ते अक्षरशः पिऊन टाकते, म्हणून सगळीकडे टेफ्लॉन, काच आणि स्टील. विद्रावकाचा आधार शक्यतो घेऊ नये असा संकेत आहे. म्हणून काचेच्या लोकरीवर द्रव्याचा थर बसवलेला एक स्तंभ केला, त्यातून पाणी सावकाश फिरवून संपृक्त केलं आणि मग ते हव्या प्रमाणात पातळ केलं. प्रयोगशाळेतल्या स्टडी डायरेक्टर (चाचणीच्या प्रमुख) मॅडम दर आठवड्याला आलेख पाठवायच्या. पहिले आलेख पाहून माझं अवसान गळालं. आकडे चढायचे, पडायचे, पुन्हा चढायचे. मी न राहवून फोन केला, "मॅडम, मासे कधी सोडणार?"

"पाणी सरळ झाल्यावर," त्या म्हणाल्या. "मासे सोडले की मला मागे येता येत नाही. आत्ता येतं."

त्या दिवसापासून मी तारखा विचारणं बंद केलं. तुमच्यावरही वरून दबाव येईलच. माशांशिवायची ही रंगीत तालीम कापू देऊ नका. काचेच्या भिंती द्रव्य पिऊन तृप्त झाल्या तेव्हा कुठे आलेख आडवा झाला. तोवर उन्हाळा सरला होता.

दरम्यान स्टडी प्लॅन, म्हणजे चाचणीचा लेखी आराखडा. मसुद्यावर मी शेरे मारले, मॅडमनी निम्मे फेटाळले, दोघींच्या सह्या झाल्या. प्राणी-नीती समितीची मंजुरी प्रयोगशाळाच घेते, पण 'हे मासे का अटळ आहेत' याचं उत्तर माझ्याकडून गेलं. माशांच्या संख्येचा हिशोब तिथेच समोर आला. संपर्काच्या टप्प्यात निदान पाच वेळा आणि नंतरच्या टप्प्यात निदान चार वेळा नमुने, दर वेळी किमान चार मासे. दोन पातळ्या आणि द्रव्य न घातलेली एक नियंत्रण टाकी धरली तर ४ गुणिले ९ गुणिले ३, म्हणजे १०८. साठण्याचं प्रमाण पातळीवर अवलंबून नाही हे पटवता आलं, तर २०१२ च्या सुधारित नियमावलीप्रमाणे एकच पातळी चालते, म्हणजे ७२. वर वजन आणि चरबी मोजायला लागतात ते वेगळे. एका पातळीसाठीचं समर्थन लिहायला मी बरीच मेहनत घेतली. पैसेही वाचले, खोटं कशाला बोलू. पण ३६ जीव कमी लागले, हे त्या सगळ्या कागदकामातलं एकमेव वाक्य होतं जे लिहून बरं वाटलं.

मासा निवडला रेनबो ट्राउट. झेब्राफिशही चालतो, स्वस्तही पडतो. पण तो जेमतेम तीन सेंटिमीटरचा, एकेका माशात मोजायला पुरेसा ऐवजच नसतो. ट्राउटला पाणी १३ ते १७ अंश हवं, म्हणजे चिलर अखंड चालू. सप्टेंबरमध्ये पिल्लं आली. आल्यावर किमान दोन आठवडे नुसतं रुळायला. आठवडाभरात पाच टक्क्यांहून कमी मेले तर तुकडी पास, दहाहून जास्त मेले तर पूर्ण तुकडी बाद, आणि मधे अडकले तर आणखी एक आठवडा थांबा. आमची मधे अडकली. कॅलेंडरवर आणखी एक रेघ.

संपर्काचा टप्पा, त्यांच्या भाषेत अपटेक, सहसा २८ दिवसांचा असतो. मासे सोडल्यावरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. टाकीत अचानक डझनावारी चरबीदार शरीरं येतात आणि पाण्यातलं द्रव्य ओढायला लागतात. पातळी घसरते. हे होणार हे ठाऊक असतं, म्हणून तर माशांच्या वजनाला प्रवाहाचं माप बांधून दिलंय: दर लिटर पाण्यामागे दिवसाला ०.१ ते १ ग्रॅम मासे. तरीही ईमेलमधला तो खाली झुकलेला ठिपका पाहताना पोटात गोळा आला. तिसऱ्या दिवशी ठिपका वर आला आणि मर्यादेत राहिला.

मी स्वतः प्रयोगशाळेत गेले ते एका नमुन्याच्या दिवशी. प्रायोजकाला जाता येतं. जाच. सकाळी खाद्य घालून झालं होतं, वजनाच्या एक-दोन टक्के, तोलून. त्यानंतर तासाभराच्या आत एक तंत्रज्ञ मुलगा हातात नळी घेऊन टाकीच्या तळाशी उरलेला चुरा आणि विष्ठा ओढून घेत होता. इंच इंच करून, माशांना न बिचकवता. हे रोज करावं लागतं. तळाशी सेंद्रिय घाण राहिली तर द्रव्य तिला चिकटतं, माशाला मिळतच नाही, आणि साठण्याचा आकडा खोटाच कमी येतो. एवढ्या महागड्या यंत्रांच्या खोलीत निकालाची इमानदारी त्या नळीवर अवलंबून आहे, हे पाहून मला त्या मुलाबद्दल फार आदर वाटला.

मग चार मासे. जाळीत, स्वच्छ पाण्यात एकदा खळबळून, टिपकागदावर टिपून, लगेच भूल देऊन मारले. वजन, लांबी, क्रमांकाची डबी. कोणी बोलत नव्हतं, पण घाईही नव्हती. मी बघू शकेन की नाही अशी मला शंका होती. बघितलं. ज्याच्यासाठी सही केली ते न बघता रिपोर्ट वाचणं मला जमलं नसतं. चौघांचीही वजनं आल्याच्या वेळेपेक्षा चांगलीच वाढलेली होती. तेव्हा ते नुसतं चांगलं लक्षण वाटलं, त्याचा अर्थ पुढे कळला.

सलग तीन नमुने, मधे निदान दोन दोन दिवस सोडून, एकमेकांच्या २० टक्क्यांच्या आत आले की 'स्थिर' म्हणायचं. आमचे शेवटी शेवटी आले. मग उरलेले मासे द्रव्य नसलेल्या स्वच्छ टाकीत हलवले. हा डेप्युरेशनचा, सोडण्याचा टप्पा. बाहेरच्या माणसाला वाटतं की महत्त्वाचं संपलं, आता आवराआवर. उलट आहे. मासा किती वेगाने सोडतो, त्या वेगाला के-टू म्हणतात, आणि अंतिम आकडा म्हणजे घेण्याचा वेग भागिले सोडण्याचा वेग. घेण्याचा वेग बहुतांश कल्ले ठरवतात. एक द्रव्य साठतं आणि दुसरं साठत नाही, हा फरक पडतो बहुधा सोडण्यात.

नियमावलीत लॉग केओडब्ल्यूवरून के-टूचा अंदाज काढायचं सूत्र आहे. ५ धरला तर ते सांगतं दिवसाला सुमारे ०.२५, म्हणजे ९५ टक्के बाहेर पडायला १२ दिवस. त्या हिशोबाने आम्ही संपर्ककाळाच्या निम्मा, १४ दिवसांचा टप्पा आखला होता. प्रत्यक्षात मासे सोडायला तयार नव्हते. पहिल्या दोन नमुन्यांतच उतार फार सौम्य दिसला. मॅडमचा फोन आला, टप्पा वाढवायचा. वाढवता येतो, पण त्याचा कागद आधी व्हायला हवा: ठरवून केलेला बदल म्हणजे 'अमेंडमेंट', आधी सही, मग बदल. न ठरवता झालेला म्हणजे 'डेव्हिएशन', त्याचा परिणाम काय झाला हे नंतर लिहावं लागतं. रिपोर्ट तपासणारा या दोन्हींकडे फार वेगळ्या नजरेने बघतो. मी त्याच संध्याकाळी सही करून पाठवली. आणखी एक, यासाठी जादा मासे टाकीत शिल्लक असावे लागतात. स्टडी प्लॅनमध्ये राखीव मासे दिसले नाहीत तर विचारा.

ते वाढीव दिवस मनाला जड गेले. सौम्य उतार म्हणजे छोटा के-टू, छोटा के-टू म्हणजे मोठा बीसीएफ. रीचमध्ये बीसीएफ २,००० च्या वर गेला की द्रव्य 'जैवसंचयी', ५,००० च्या वर 'अतिजैवसंचयी'. मी कागदावर सारखी भागाकार करत बसायचे.

डिसेंबरात कच्चे आकडे आले, आणि ते पाहून सुटल्यासारखं वाटलं. फार लवकर वाटलं. कारण त्यावर दोन दुरुस्त्या बाकी असतात, आणि आमच्या बाबतीत दोन्हींनी आकडा वरच नेला.

पहिली चरबीची. वेगवेगळ्या माशांची तुलना व्हावी म्हणून आकडा ५ टक्के चरबीच्या माशावर आणतात. समजा, तुमच्या माशांत ४ टक्केच निघाली, तर ५ भागिले ४, म्हणजे आकडा सव्वापट. दुसरी वाढीची, आणि तिथे ती गुबगुबीत पिल्लं आठवली. मासा वाढतो तेव्हा आतलं द्रव्य जास्त वजनात पसरतं, आणि काहीही न सोडता सोडल्यासारखं दिसतं. हा वाढीचा वेग के-टूमधून वजा करावा लागतो. उदाहरणार्थ, मासा २८ दिवसांत दुप्पट झाला तर वाढीचा वेग दिवसाला सुमारे ०.०२५. के-टू ०.१ मोजला असेल तर उरतो ०.०७५, आणि बीसीएफ एका झटक्यात एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून कोणी नुसता कच्चा बीसीएफ दाखवून निवांत असेल तर त्याला माशांची वजनं विचारा. ही सगळी गणितं पडताळायला ओईसीडीचं 'बीसीएमएफआर' नावाचं, आर या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेतलं पॅकेज आहे. मूळ आकडे स्प्रेडशीटमध्ये मागून घेतले तर आपल्या टेबलावर बसून तपासता येतं. मी तपासलं, आकडे जुळले.

दोन्ही दुरुस्त्या धरून आमचा बीसीएफ २,००० च्या खाली राहिला. सुरुवातीला वाटला होता तितका खाली मात्र नाही. विक्रीवाल्यांना 'साठत नाही' असं छापायचं होतं. मी नकार दिला. साठतं, कायद्याच्या रेषेच्या अलीकडे साठतं, एवढंच या आकड्यातून म्हणता येतं.

मसुदा रिपोर्ट, गुणवत्ता विभागाचं ऑडिट, माझे शेरे, अंतिम सही, यात पुढचे महिने गेले. मसुदा वाचताना वैधतेचे निकष आधी बघा: तापमान ठरल्यापेक्षा दोन अंशांहून जास्त हललं नाही ना, विरघळलेला ऑक्सिजन ६० टक्क्यांखाली गेला नाही ना, पातळी २० टक्क्यांच्या आत होती ना, नियंत्रण टाकीत आणि चाचणीच्या टाकीत मरणारे मासे दहा टक्क्यांच्या आत राहिले ना. यातला एक जरी निकष डळमळीत असेल तर बाकीचे सुंदर आलेख कामाचे नाहीत.

आता आययूक्लिडमध्ये, म्हणजे एजन्सीला माहिती द्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरणं. स्थिर अवस्थेचा बीसीएफ, गतिकीवरून (घेण्या-सोडण्याच्या वेगांवरून) काढलेला, आणि वाढ व चरबी दुरुस्त केलेला, हे तिन्ही वेगवेगळे नोंदवा आणि वर्गीकरणासाठी कोणता धरला ते स्पष्ट लिहा. अमेंडमेंटचं कारण सारांशात दोन ओळींत टाका, नाहीतर तोच प्रश्न विचारणारं पत्र येईल. आणि प्रयोगशाळेला विचारून ठेवा की उरलेले नमुने आणि मूळ नोंदी किती वर्षं ठेवणार आणि मुदत संपल्यावर त्यांचं भाडं कोण भरणार. आमच्या करारात ते नव्हतं, आता वेगळा करार चालू आहे.